तहान लागण्याआधीची विहीर

जुलै १९९५मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. १३ तारखेला पारा ४१ अंशांवर गेला. अकोला-चंद्रपूरच्या वाचकाला या आकड्याचं फारसं काही वाटणार नाही. पण शिकागोची घरं थंडीसाठी बांधलेली. पक्क्या विटांच्या भिंती दिवसभर तापायच्या आणि रात्रभर आतल्या माणसाला भाजायच्या. हवेत दमटपणा होता, वीज मध्येच जात होती. आठवडाभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, म्हणून शीतगृहाचे ट्रक आणून उभे करावे लागले. मेलेल्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. काहींच्या मृत्यूची खबर शेजाऱ्यांना मिळाली तीही उशिरा.

एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे काही वर्षं या मृत्यूंचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक २००२मध्ये प्रसिद्ध झालं. त्याने शहरातल्या दोन लगतच्या वस्त्या निवडल्या: उत्तर लॉन्डेल आणि दक्षिण लॉन्डेल. दोन्ही गरीब. दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण जवळपास सारखं. ऊन तर अर्थातच एकच. तरीही उत्तर लॉन्डेलमध्ये लाखामागे ४० माणसं मेली आणि दक्षिणेत लाखामागे ४.

हा दहापटीचा फरक कशामुळे पडला? उत्तरेकडचे कारखाने बंद पडले होते, दुकानांना टाळी लागली होती, माणसं वस्ती सोडून गेली होती. मधले प्लॉट ओसाड होते आणि रस्त्यावर भीती होती. म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून आत बसली ती तिथेच राहिली. दक्षिणेकडे बहुतेक मेक्सिकन कुटुंबं होती. रस्ते गजबजलेले, फुटपाथवर दुकानं, फेरीवाले, पोरांचा गोंगाट. तिथल्या म्हातारीला घरात उकडलं की ती खाली उतरून थंड दुकानात जाऊन बसत होती. दोन दिवस ती दिसली नसती, तर दुकानदाराने कुणाकडे तरी चौकशी केली असती. दक्षिणेतली माणसं मनाने जास्त चांगली होती असं क्लिननबर्ग म्हणत नाही. चालता-बोलता रस्ता माणसांना एकमेकांच्या नजरेत ठेवतो, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

आपणही सध्या अनिश्चिततेविषयी खूप बोलतो. नोकरी टिकेल का, पाऊस होईल का, पुढची साथ कधी येईल, यंत्रं आपलं काम हिरावून घेतील का? अशा वेळी आशावादी राहा, असा सल्ला सगळीकडून मिळतो. पण आशा येते कुठून? त्याचं उत्तर प्रवचनांपेक्षा संकटांच्या अभ्यासात जास्त नेमकं सापडतं. शिकागोच्या थोडं आधी दोन भूकंपांनीही ते दिलं होतं. एक जपानमधल्या कोबेत झाला, दुसरा आपल्या मराठवाड्यात.

पळापळ कमी, धावाधाव जास्त

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. संकट आलं की माणसं बिथरतात, लुटालूट करतात, एकमेकांना तुडवून पळतात, असं चित्र सिनेमांनी आपल्या मनात पक्कं केलं आहे. अमेरिकेत १९६३मध्ये आपत्तींच्या सामाजिक अभ्यासाचं एक स्वतंत्र केंद्र सुरू झालं. एन्रिको क्वारंटेली हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. या केंद्राच्या संशोधकांनी अनेक दशकं पूर, वादळं, भूकंप आणि स्फोटांच्या जागी जाऊन माणसं कशी वागतात ते नोंदवलं. सैरावैरा पळापळ त्यांना फार क्वचित आढळली. बहुतेक वेळा माणसं आधी घरच्यांना शोधतात, मग शेजाऱ्यांना आणि मग अनोळखी माणसांनाही मदत करू लागतात.

मुंबईकरांना हे सांगायची गरज नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लाखो माणसं रस्त्यांवर, गाड्यांत आणि स्टेशनांवर अडकली. चाळींतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांनी रस्त्यावर येऊन त्यांना चहा-बिस्किटं दिली, कमरेएवढ्या पाण्यातून वाट दाखवली, रात्रीपुरतं घरात घेतलं. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, तेही यात होते.

ही माणुसकी खरी आहे. पण तिच्यावरच सगळं सोडता येत नाही. संकटाच्या रात्रीचा जोश पहिल्या काही दिवसांत ओसरतो. त्यानंतरचे महिने आणि वर्षं कोण तग धरतं, हे आधीपासूनच्या घडीवर ठरतं.

कोबे: बादल्यांची साखळी

१७ जानेवारी १९९५च्या पहाटे कोबे शहर हादरलं. ६,४००हून अधिक माणसं गेली. अग्निशमन दल सगळीकडे पोहोचणं शक्यच नव्हतं. रस्ते ढिगाऱ्यांनी बंद होते आणि पाण्याचे नळ फुटले होते. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्य माणसांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं.

डॅनियल ऑल्ड्रिच या राज्यशास्त्रज्ञाने कोबेतल्या दोन मोहल्ल्यांची तुलना केली आहे. मानो भागात भूकंपानंतर आग लागली, तेव्हा रहिवाशांनी रांगा करून हातोहात बादल्या पुढे दिल्या आणि आग आटोक्यात आणली. जवळच्याच मिकुरा भागात अशी काही जुळणी झाली नाही. लोक घरं जळताना बघत राहिले. दोन्ही वस्त्या साधारण एकाच आर्थिक थरातल्या होत्या. फरक ३० वर्षांपूर्वी पडलेला होता. १९६०च्या दशकात मानोच्या रहिवाशांनी कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध लढा दिला होता. त्यातून बैठका घ्यायची, कामं वाटून घ्यायची, भांडून पुन्हा एकत्र बसायची सवय वस्तीला लागली होती. १९९५च्या त्या पहाटे कोणाकडे शिडी आहे आणि कोणत्या घरात आजारी माणूस आहे, हे विचारत बसावं लागलं नाही. तहान लागण्याआधी विहीर खणून ठेवणं यालाच म्हणतात.

कोबेने दुसरा धडाही दिला, तो कडू आहे. बेघर झालेल्या वृद्धांना आणि अपंगांना तात्पुरती घरं आधी मिळावीत म्हणून सरकारने चिठ्ठ्या टाकून वाटप केलं. हेतू न्यायाचा होता. परिणाम असा झाला की जुने शेजार फुटले. ज्या वसाहतीत कोणी ओळखत नाही, अशा ठिकाणी ही म्हातारी माणसं जाऊन पडली. पुढच्या काही वर्षांत त्या तात्पुरत्या घरांत दोनशेहून अधिक लोक कुणालाही न कळता एकाकी अवस्थेत मेले. भूकंपातून ते वाचले होते.

जपानने यातून बोध घेतला. मार्च २०११च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरातल्या काही रहिवाशांना गटाने, म्हणजे जुन्या शेजाऱ्यांसह, हलवण्यात आलं. काहींना चिठ्ठीने एकेकटं घर मिळालं. संशोधकांनी दोघांची तुलना केली, तेव्हा गटाने गेलेल्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं आणि मंडळांतला सहभाग चांगला टिकलेला दिसला. घर दोघांनाही मिळालं, जुना शेजार मात्र एकांनाच मिळाला.

किल्लारी: गावातल्या बायका आणि सरकारी हप्ते

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची रात्र सरत आली होती, माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हलली. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. पण किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगाव, होळी अशा गावांतली घरं माळवदाची होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडावर चढवलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं ते छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली.

मदतीचा ओघ लागला. सर्वांत जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. बाकी गावांतल्या मोडलेल्या-तडकलेल्या घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुती करायची, असं ठरलं. जागतिक बँकेने कर्ज दिलं, अभियंते आले, निधी मंजूर झाला. तरीही काम अडखळत होतं. घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसे मिळणार होते. पण पुढचा हप्ता कशावर मिळतो, भिंत कशी बांधली म्हणजे पास होते, अर्ज कुणाकडे द्यायचा, हे गावात नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. गवंड्याने सिमेंट कमी घातलं तरी विचारणार कोण?

इथे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पुढे आली. प्रेमा गोपालन या तिच्या संस्थापक. गावागावांतल्या महिला मंडळांमधून बायका निवडून त्यांना ‘संवाद सहायक’ नेमावं, ही कल्पना सरकारने स्वीकारली. हजाराहून अधिक गावांत अशा बायका काम करू लागल्या. कुणाला किती मदत मिळणार ते सांगणं, ग्रामसभेत याद्या वाचून दाखवणं, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवले का, कोपरे बांधले का हे बघणं आणि अभियंत्याला जाऊन गाऱ्हाणं सांगणं ही त्यांची कामं. यांतल्या बऱ्याच जणी याआधी चावडीवर बसून बोललेल्याही नव्हत्या.

यातून घरं तर उभी राहिलीच. त्याहून टिकाऊ गोष्ट म्हणजे बायकांचं संघटन उभं राहिलं. पुनर्वसनाचं काम आटोपल्यावर हेच गट बचत, कर्ज, आरोग्य, पाणी आणि शेती यांकडे वळले. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना स्वतःच्या अनुभवावरून घरबांधणीतले खाचखळगे सांगितले. २००४च्या त्सुनामीनंतर असेच धडे तमिळनाडूपर्यंत गेले. मदत घेणारा हात दहा वर्षांत मदत देणारा झाला.

किल्लारीच्या पुनर्वसनातही कोबेसारखी चूक झाली होतीच. नव्याने वसवलेल्या अनेक गावांत पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ रस्ते आले आणि लांब-लांब घरं आली. जुन्या गल्ल्या, पार आणि भावकीचा शेजार विस्कटला. अंगणातून हाक मारली की पलीकडून ओ यायची, ती सोय गेली. पुढे लोकांनी आपापल्या परीने भिंती घातल्या, ओसऱ्या काढल्या आणि त्या आखीव गावाला पुन्हा गावपण आणलं.

मन का थकतं आणि कशाने उभारी धरतं

ही झाली वस्त्यांची गोष्ट. एकेका माणसाच्या मनात काय चालतं?

लंडनमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला तर हाताला विजेचा हलका पण दुखणारा झटका. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आणि माणसांचं स्वतःचं म्हणणं यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण झटक्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आढळला. वाईट बातमीपेक्षा बातमीची वाट बघणं जास्त जाळतं, हे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. प्रयोगाने ते मोजून दाखवलं.

मग त्यावर उतारा कोणता? इथे मानसशास्त्रातली एक जुनी समजूत तिच्या जनकांनीच उलटवली, ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६७मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. काहीही केलं तरी झटके थांबत नाहीत असा अनुभव घेतलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बसून राहिले. असहायता शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. जवळपास ५० वर्षांनी, २०१६मध्ये, त्याच दोघांनी मेंदूविज्ञानाच्या नव्या पुराव्यांवरून लिहिलं की आपण उलटं समजत होतो. दीर्घ त्रासात हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. ती कुणी शिकवावी लागत नाही. शिकावं लागतं ते याच्या विरुद्ध: आपल्या करण्याने काहीतरी बदलतं. हा अनुभव मिळाला की मेंदूचा पुढचा भाग त्या गळाठ्याला लगाम घालतो आणि पुढच्या संकटातही हा अनुभव उपयोगी पडतो.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. खचलेल्या माणसाला धीर धर म्हणून सांगण्यापेक्षा त्याच्या हाती पुरं होण्यासारखं एक काम देणं जास्त उपयोगाचं. किल्लारीतल्या बाईने ग्रामसभेत पहिल्यांदा यादी वाचली आणि चुकलेलं नाव दुरुस्त झालं, तेव्हा तिच्या मनात नेमकं हेच घडलं असणार. चार्ल्स स्नायडर या मानसशास्त्रज्ञाने आशेची तीन अंगं सांगितली आहेत: कुठे जायचं ते ठरलेलं असणं, तिथे नेणारे एकाहून जास्त मार्ग दिसणं आणि त्या मार्गाने आपण चालू शकू असा भरवसा असणं. यात कुठेही ‘सगळं छान होईल’ हे वाक्य नाही. एक रस्ता बंद झाला तर दुसरा माहीत असणं, हाच आशेचा मोठा भाग. आणि दुसरा रस्ता बहुधा दुसऱ्या माणसाकडूनच कळतो.

दूरच्या ओळखी आणि जवळची भिशी

सगळी संकटं काही भूकंपासारखी एका रात्रीत येत नाहीत. नोकरी जाते, धंदा बसतो, दोन वर्षं सलग पीक जातं. अशा सावकाश संकटात कोणती माणसं उपयोगी पडतात?

मार्क ग्रॅनोवेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं: ज्याच्याकडून या नोकरीची खबर मिळाली, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? रोजच्या उठण्या-बसण्यातल्या माणसाकडून खबर मिळालेले सहापैकी एकच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळाली होती. १९७३मध्ये त्याने हे मांडलं. कारण साधं आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. नवी बातमी वेगळ्या वर्तुळातला माणूस आणतो. २०२२मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासातही मध्यम ओळखीची माणसंच नोकरी बदलायला जास्त उपयोगी ठरली.

मुंबईत आलेल्या आपल्या पूर्वजांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. गिरणगावात गावाच्या नावाची खोली असायची. पाळ्या बदलून माणसं तिथे झोपायची. नव्या पोराला गिरणीत कुठे बदली कामगार हवेत याची खबर तिथेच लागायची. गोव्याहून आलेल्या खलाशांनी आणि स्वयंपाक्यांनी धोबीतलाव-गिरगावात गावागणिक ‘कूड’ उभारले. स्वस्तात एक बिछाना, ट्रंक ठेवायला जागा, सामायिक प्रार्थना आणि पुढची बोट कधी मिळेल याची चर्चा. हातावर पोट असलेल्यांनी अनिश्चिततेवर काढलेला हा तोडगा होता.

गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची अनिश्चितता वेगळी होती. कामगाराचा पगार महिन्याने, वाण्याचं बिल आधी, आणि मध्ये सावकाराचं व्याज. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची दारं उघडून दिली. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं ते जगच पुढे विरत गेलं. पण बायकांनी एकत्र येऊन पत मिळवायची ही रीत मागे राहिली. १९९२मध्ये नाबार्डने ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभर सुरू केला आणि आज महाराष्ट्रात बचत गट नसलेलं गाव शोधावं लागेल.

भिशी आणि बचत गट यांच्याकडे आपण पैशाची सोय म्हणून बघतो. ती आहेच, अचानक आलेल्या दवाखान्याच्या खर्चाला आठवड्याची शिल्लक कामी येते. पण त्यांची खरी ताकद ठरलेल्या वारी भेटण्यात आहे. एक बाई दोन बैठकांना आली नाही, तर तिसऱ्या बैठकीआधी कुणीतरी तिच्या दारात जातं. दक्षिण लॉन्डेलच्या गजबजलेल्या रस्त्याने केलं तेच काम इथे आठवड्याची बैठक करते.

या भेटीगाठींचा शरीरावरही परिणाम होतो. ज्युलिअ‍ॅन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये १४८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात ३ लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्के जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५मधल्या अहवालात म्हटलं आहे की जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो. रक्तदाब आणि साखर मोजणाऱ्या डॉक्टरांनी आठवड्यात किती जणांशी बोललात हेही विचारावं, इतका हा विषय गंभीर आहे.

एकीची दुसरी बाजू

इथवर वाचून एकी म्हणजे सर्व रोगांवरचं औषध असं कुणाला वाटेल, तर थांबायला हवं. घट्ट गट आतल्यांना जितका सांभाळतो, तितकाच बाहेरच्यांना दूर ठेवू शकतो. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गावपंचायती आणि जातपंचायतींनी मदतवाटप झपाट्याने केलं. पण पंचायतीच्या यादीत नसलेले दलित आणि एकट्या बायका मागे राहिल्या, हे ऑल्ड्रिचनेच नोंदवलं आहे.

आपल्याकडचं उदाहरण आणखी भयंकर आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवा त्या वेळी घराघरांत पोहोचल्या होत्या. गाव एकत्र आलं होतं. पण भीतीने आणि परक्याच्या विरोधात. अनिश्चित काळात अफवेला सर्वांत आधी बळी पडतो तो आपल्याच माणसांवर आंधळा विश्वास ठेवणारा गट. म्हणून आपल्या वर्तुळात वेगळ्या जातीची, धर्माची, भाषेची, धंद्याची माणसं असणं ही सुरक्षिततेची गरज आहे.

दुसरी मर्यादा शासनाची जबाबदारी सांगते. किल्लारीच्या बायकांनी काम केलं, पण निधी सरकारी होता आणि आराखडे अभियंत्यांचे होते. शेजारधर्म दवाखाना बांधू शकत नाही, धरण दुरुस्त करू शकत नाही आणि बुडालेलं वेतन भरून देऊ शकत नाही. १९९५नंतर शिकागो महापालिकेने उन्हाळ्यासाठी वेगळी यंत्रणा उभी केली. १९९९मध्ये पुन्हा कडक लाट आली, तेव्हा एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन केले गेले, घरी जाऊन पाहिलं गेलं आणि मृत्यूंचा आकडा बराच खाली राहिला. शेजार आणि सरकार यांनी एकमेकांची जागा घ्यायची नसते. शेजाऱ्याला दिसलेली अडचण सरकारपर्यंत पोहोचवणारी संवाद सहायक दोघांच्या मध्ये लागते.

आता काय करायचं?

हे सगळं घरात आणायचं तर मोठी चळवळ लागत नाही. सुरुवात कागदावर होते. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची नावं, महत्त्वाचे फोन नंबर आणि कागदपत्रांच्या प्रती एका पाकिटात ठेवा. मोबाइल बंद पडल्यावर किती जणांचे नंबर पाठ असतात ते आठवून बघा. तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही शिकवा. जमेल तशी तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक बाजूला टाकायला सुरुवात करा. एकट्याने जमत नसेल तर भिशीत जमते.

मग जिन्याकडे या. आपल्या इमारतीत किंवा गल्लीत एकटं कोण राहतं, कुणाला चालता येत नाही, कुणाच्या घरी इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, हे निदान तीन-चार घरांना ठाऊक असावं. सोसायटीची सभा म्हणजे पार्किंगचं भांडण, अशी आपली समजूत झाली आहे; पण मानोच्या लोकांनी अशाच कंटाळवाण्या बैठकांतून बादल्यांची साखळी कमावली होती. एखाद्या एप्रिलमध्ये दहा मिनिटं ‘उन्हाळ्यात कुणी कुणाकडे डोकवायचं’ यावर बोलून बघा.

बातम्यांचं वेळापत्रक ठरवा. दिवसातून दोनदा विश्वासाच्या ठिकाणी बघणं पुरतं. दर दहा मिनिटांनी पडदा सरकवण्यात ती निम्मी-निम्मी शक्यता दिवसभर झटके देत राहते. आणि आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुला हे कुणी सांगितलं? बहुतेक अफवांचा प्रवास तिथेच संपतो.

जुन्या ओळखी जाग्या ठेवा. पूर्वीचा सहकारी, शाळेतला बाकमित्र, आधीच्या भाड्याच्या घराचे मालक, गावाकडचा पोस्टमन, यांना कामाशिवाय फोन करण्यात आपल्याला उगाच संकोच वाटतो. तो सोडा. काम पडल्यावर केलेल्या पहिल्या फोनपेक्षा कामाशिवाय केलेला फोन जास्त लक्षात राहतो.

आणि जेव्हा मन बसेल, तेव्हा स्वतःला समजावत बसण्याऐवजी आज पुरं होईल असं एखादं काम दुसऱ्यासाठी करा. कुणाचा पेन्शनचा अर्ज भरून द्या, कुणाच्या मुलाला गणित शिकवा, ग्रामसभेत एक प्रश्न विचारा. किल्लारीच्या बायकांना पुढे काय होणार हे तुमच्या-आमच्याइतकंच अज्ञात होतं. त्यांच्याकडे एक यादी होती, शेजारच्या गावात ओळखीची एक बाई होती आणि उद्या जायचं एक ठिकाण होतं. तेवढ्यावर त्यांनी गावं उभी केली. तेव्हा हा लेख संपल्यावर ज्या शेजाऱ्याचं नाव तुम्हाला अजून माहीत नाही, त्याची बेल वाजवा.